उणकलला शार्क कधीच नव्हता

निवृत्तीनंतर माणसाला एखादा छंद हवा, असं सगळे सांगतात. कोणता, ते कुणी सांगत नाही. रेल्वेच्या हिशेब खात्यात हयात गेलेल्या माझ्यासारख्याने सुडोकू सोडवावं, फार तर सकाळी हुबळीच्या उणकल तळ्याला फेऱ्या मारून आपल्या साखरेचे आकडे चारचौघांत सांगावेत, एवढीच घरच्यांची अपेक्षा होती. त्याऐवजी मी मेलेल्या प्राण्यांचे दात, हाडं आणि (पुढे येईलच) शेण यांच्या मागे लागलो. मी भूशास्त्रज्ञ नाही. शाळा सुटल्यापासून विज्ञानाशी माझा संबंध फ्यूज बदलण्यापुरताच. तरी या नादात काही गोष्टी उमजल्या, त्या लिहून ठेवतो. आकडे घातलेत ते जुन्या सवयीने. पहिली गोष्ट मोठी आणि शेवटची लहान असं काही नाही.

१. वेड दुर्मीळ वस्तूचं लागतं असं आपण समजतो. मला लागलं ते मुबलक वस्तूचं. मुलगी अमेरिकेत मेरीलँडला असते. तिथे चेसापीक उपसागराच्या काठाने कॅल्व्हर्ट क्लिफ्स नावाचे उंच, ठिसूळ कडे आहेत. १ ते २ कोटी वर्षांपूर्वी त्या जागी उथळ समुद्र होता. कडे ढासळतात, लाटा माती धुऊन नेतात आणि वाळूत उरतात शार्कचे दात. सुटीच्या दिवशी लोक डबे, चाळण्या आणि पोरंबाळं घेऊन ते वेचायला येतात. त्यांत आपली पुण्या-नागपूरकडची मंडळीही भेटतात, तीही दशम्या बांधून घेऊन आलेली. शार्कच्या अंगात हाड नसतंच. सांगाडा सगळा कूर्चेचा, तो कुजून नाहीसा होतो. दात मात्र रांगांनी उगवतात आणि जन्मभर पडत राहतात, एकेका शार्कचे हजारोंनी. म्हणून शार्क उरतो तो दातांपुरता. मला पहिल्यांदा मिळाला तो करंगळीच्या नखाएवढा होता, काळा, तुकतुकीत. कडेवरून बोट फिरवलं तर ओरखडा उठला. दीडेक कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या प्राण्याने मला ओरबाडलं, ही हकीकत मी हुबळीला परतल्यावर किती जणांना ऐकवली, याचा हिशेब बायकोने ठेवलाय.

२. शोधणाऱ्याची उंची या कामात आड येते. किनाऱ्यावर ओहोटी लागली की बारीक खड्यांचा एक पट्टा उघडा पडतो. त्यातले सगळेच खडे ओले, सगळेच काळे. दात ओळखायचा तो रंगावरून नव्हे: त्याचं पातं काचेसारखं चमकतं आणि मूळ मात्र निस्तेज, खडबडीत राहतं; एकाच खड्यात हे दोन पोत दिसले की खाली वाकायचं. मी हे सगळं पुस्तकातून पाठ करून गेलो होतो. माझ्या नातीने काहीही पाठ केलं नव्हतं. ती उकिडवी बसून "अज्जा, तुझ्या पायाखाली" असं म्हणायची आणि माझ्या चपलेच्या पुढून दात उचलायची. ऊन तिरपं असताना, सकाळी किंवा कलत्या दुपारी, चमक चांगली दिसते, हेही तिनेच शोधून काढलं. तिला ते इतकं सोपं वाटलं की थोड्या वेळाने कंटाळून ती शिंपल्यांकडे वळली. मी मात्र कंबर धरून संध्याकाळपर्यंत तिथेच. त्या दिवसापासून खाली बघून चालायची सवय जडली ती जडलीच. तळ्याच्या कट्ट्यावर एकदोघांनी "सर, काही पडलं का?" म्हणून विचारलं, एका भल्या माणसाने तर स्वतःच्या खिशातली दोनाची नाणी काढून पुढे केली.

३. जीभ हेही उपकरण आहे. जुनं हाड आणि साधा दगड यांत फरक कळेना की जाणकार मंडळी तो तुकडा सरळ जिभेला लावतात. हाडात बारीक छिद्रं असतात, ती ओलावा ओढतात आणि तुकडा जिभेला चिकटतो. घट्ट दगड चिकटत नाही. खात्रीची कसोटी नव्हे. काही मातकट दगडही चिकटतात. पण शोधाच्या जागी दुसरं काही हाताशी नसतं. ही पद्धत मी घरी करून दाखवली, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, नातवंडांसमोर तरी नको." मग मी तिला निकोलस स्टेनो या शरीरशास्त्रज्ञाची गोष्ट सांगून बाजू सावरायला गेलो. युरोपात शार्कच्या या दगडी दातांना कित्येक शतकं 'जिभेचे दगड' म्हणत. ते आकाशातून पडतात असं रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलेलं. पुढे कुणी त्यांना सापांच्या दगड झालेल्या जिभा मानलं, विषावर उतारा म्हणून राजेलोक ते जवळ बाळगत. १६६६ साली इटलीतल्या लिव्होर्नोजवळ मोठा शार्क पकडला गेला. त्याचं डोकं फ्लोरेन्सला स्टेनोकडे फाडायला आलं. त्याने दात पाहिले, दगड पाहिले आणि पुढच्याच वर्षी छापून टाकलं की हे दगड म्हणजे एके काळी जिवंत असलेल्या शार्कचेच दात. तो काही असं म्हणणारा पहिलाच नव्हे, त्याच्या आधी फाबिओ कोलोनाने तेच सांगितलं होतं. पण स्टेनो पुढच्या प्रश्नावर अडून बसला: घट्ट खडकाच्या पोटात दात गेला कसा? त्याच्या उत्तरातून थरांचं शास्त्र उभं राहिलं. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. आज हे कुणालाही सुचेल असं वाटतं. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्याने चाटला होता का?" याची नोंद मला कुठे मिळालेली नाही.

४. आपल्या गावाकडे आपल्याला हवं तेच असावं, असा कुणाशी करार झालेला नसतो. अमेरिकेहून आलो तो डोक्यात एकच: आता इथे शोधायचं. उणकलच्या आसपासचे खाणीचे खड्डे, नृपतुंग बेट्टाच्या पायवाटा, रस्ता रुंद करताना कापलेल्या कडा, सगळीकडे हातभिंग घेऊन हिंडलो. शेवटी धारवाडच्या एका भूशास्त्राच्या प्राध्यापकांनी मला समोर बसवून चहा दिला आणि हळुवारपणे सांगितलं की इथला खडक अडीचशे कोटी वर्षांहूनही जुना आहे. शार्क जगात आले त्याला फार तर पंचेचाळीस कोटी वर्षं झाली. हाड, दात, डोळा, शेपूट यांपैकी काहीही कुणालाही नव्हतं तेव्हा हा खडक झाला. ज्याला जगभरच्या पाठ्यपुस्तकांत 'धारवाड' म्हणतात तो हाच. गावाचं नाव खडकाला मिळणं हा केवढा मान, पण माझ्यासारख्या दाताळ्याला त्याचा उपयोग शून्य.

मग कळलं की शून्यही नाही. याच धारवाडी खडकांत चित्रदुर्गाकडे, शिवमोग्ग्याकडे स्ट्रोमॅटोलाइट सापडतात: उथळ पाण्यातल्या सूक्ष्म जीवांच्या चिकट साईवर गाळ बसत गेला, पुन्हा साय, पुन्हा गाळ, आणि त्याचे पापुद्रे दगड होऊन राहिले. आपण श्वासात घेतो तो प्राणवायू हवेत पहिल्यांदा सोडला तो असल्याच जीवांनी. बागलकोटकडच्या कलादगी खडकांतही हे पापुद्रे आहेत; वयाने ते बरेच धाकटे, पण शंभर कोटींच्या पुढचेच. दिसायला अगदी सामान्य. पाहुण्यांना दाखवलं तर पाहुणे "हं" म्हणतात आणि घड्याळ बघतात. दाताला मिळते ती दाद याला नाही. मीही आधी "हं"च म्हणालो होतो. आता त्या लाटांसारख्या रेघांवर हात ठेवला की हात उचलवत नाही, आणि हे घरी कुणाला समजावून सांगता येत नाही.

५. शार्क उणकलला नाही, पण कारवारला आहे. मेरीलँडच्या दातांत एक जात फार मिळते, हेमिप्रिस्टिस सेरा. दात तिरपा वळलेला आणि एका कडेला करवतीसारखे ठळक दाते. त्या समुद्रातून हे कूळ संपलं. एवढं वाचून हळहळत होतो, तर खालीच लिहिलेलं: याचा एक वंशज, हेमिप्रिस्टिस एलाँगाटा, अजून हिंदी महासागरात, आपल्या किनाऱ्यापर्यंत फिरतो. दोन कोटी वर्षांचं अंतर आणि माझ्या घरापासून चार-पाच तासांचा घाट! आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. मासळीबाजारात मी जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. कारवारला एका कोळणीसमोर उभा राहिलो आणि मोरीचा, म्हणजे शार्कचा, जबडा मिळेल का, असं विचारलं. "मांस नको?" "नको." "नुसते दात?" "नुसते दात." तिने शेजारणीला बोलावून हे पुन्हा माझ्याकडून वदवून घेतलं. दोघी पोटभर हसल्या. मग टोपलीखालून एका लहान मोरीचं डोकं काढून त्यांनी जबडा उघडून दाखवला. ती काही हेमिप्रिस्टिस नव्हती, साधीच मोरी. पण पुढच्या रांगेमागे दुसरी रांग, तिच्यामागे तिसरी, अजून हिरडीत निजलेली, टोकं आत वळवलेली, हे मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. कडा, मूळ, पात्याचा बाक, सगळं माझ्या डबीतल्या काळ्या दातांसारखंच. फक्त हे पांढरेशुभ्र. डबीतले काळे झाले ते गाळातली खनिजं शतकानुशतकं मुरत गेल्यामुळे. जिथला गाळ वेगळा तिथले दात पिवळट, तांबूस, करडेही होतात. स्टेनोला जे फ्लोरेन्सच्या राजवाड्याच्या कृपेने दिसलं, ते मला बर्फाच्या पाण्यात उभं राहून दिसलं. पैसे घेतले नाहीत तिने. म्हणाली, परत याल तेव्हा घरच्यांना आणा. घरच्यांना अजून सांगितलेलं नाही.

६. मोठी गोष्ट आपल्या दाराशी येऊन गेलेली असते आणि आपल्याला ती परक्याच्या पुस्तकातून कळते. रॉबर्ट ब्रूस फुट हे नाव मी आधी ऐकलंच नव्हतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा हा अधिकारी. १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरमला त्याने अश्मयुगीन हत्यार ओळखलं आणि या देशातल्या माणसाचा इतिहास एकदम कितीतरी मागे गेला. आमच्या खडकांना 'धारवाड' हे नाव दिलं तेही त्यानेच. १८७६ साली त्याने या भागाच्या भूरचनेवर मोठा अहवाल छापला, त्याच्या नावातच 'साउथ मराठा कंट्री' आहे. इंग्रज या मुलुखाला तेच म्हणत. १८८२ साली धारवाडला कचेरी थाटून सुरू झालेल्या रेल्वेचंही नाव सदर्न मराठा रेल्वे. म्हणजे ज्या रेल्वेच्या वारसदारांकडून मी निवृत्तिवेतन घेतो ती आणि फुटसाहेबाचा अहवाल एकाच मुलखाच्या नावाने ओळखले गेले. हे मला निवृत्त झाल्यावर कळावं!

पण खरी गंमत त्याच्या १८७४ सालच्या लेखात आहे. गोकाकजवळ, त्या वेळच्या बेळगाव जिल्ह्यात, नदीकाठच्या जुन्या गाळातून त्याला गेंड्याचे अवशेष मिळाले. त्याने जातीला नाव दिलं 'ऱ्हायनोसेरॉस डेक्कानेन्सिस', दख्खनचा गेंडा. गोकाक! जिथे आता ऊस आणि ज्वारी दिसते, जिथे धबधबा बघायला आम्ही शाळेच्या सहलीने गेलो होतो. गेंड्याला लागतं ते पाणथळ गवत. म्हणजे हिमयुगांच्या त्या काळात घटप्रभेच्या खोऱ्याचं रूपच निराळं असणार. आणि हा एकटा गेंडा नव्हे. वर गोदावरीकाठी नांदूर मधमेश्वरला सापडलेल्या प्राचीन हत्तीवर भूशास्त्रज्ञ पिलग्रिमने १९०५ साली लिहिलं. मांजरा खोऱ्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना हत्तींच्या जोडीने पाणघोडाही मिळाला. मलप्रभेच्या खोऱ्यातले गाळाचे थर आणि दगडी हत्यारं यांवर आर. व्ही. जोशी यांचा ग्रंथ १९५५ सालचा. मलप्रभेचं पाणी मी लहानपणापासून पीत आलोय.

अर्थात मी गोकाकला गेलो. परवानगी विचारून एका शेताच्या कडेने ओढ्यात उतरलो, काठाच्या काळ्या-पिवळ्या थरांकडे बघत चाललो. शेताचा मालक वरून बघत होता. "एन हुडकाकत्तीरि?" काय शोधताय? मी म्हटलं, गेंडा. त्याने माझी टोपी बघितली, भिंग बघितलं, आणि अतिशय गंभीरपणे म्हणाला, ओढ्यात नसेल, उसात बघा; रानडुकरंसुद्धा तिथेच असतात. त्या दिवशी मिळाल्या त्या गोगलगायीच्या शिंपा, त्याही बहुधा गेल्या पावसाळ्यातल्या. गोकाकहून परतताना दात नाही म्हणून करदंट हा तिथला गोड पदार्थ आणला. तो चावताना स्वतःचे दात आठवले, हा एक शास्त्रीय लाभ.

७. चिठ्ठी वस्तूपेक्षा महाग असते. हे मला आधीपासून पटायला हवं होतं, कारण नोकरीभर दुसरं केलं काय? व्हाउचर नसलेली रक्कम कितीही खरी असली तरी खात्यात शोभेलाही बसत नाही. जीवाश्माचं तंतोतंत तसंच. कुठल्या गावचा, कुठल्या ओढ्याचा, कुठल्या थरातला, पडलेला उचलला की थरातून काढला, तारीख, उचलणाऱ्याचं नाव. एवढं लिहिलेलं असेल तर नखाएवढा तुटका तुकडाही कुणा संशोधकाच्या कामाचा. नसेल तर अख्खा जबडाही दिवाणखान्यातला दगड.

आणि चिठ्ठी खोटी असेल तर? चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातले विश्वजित गुप्ता पंचवीसेक वर्षं हिमालयातल्या जीवाश्मांवर लेख लिहीत होते, शेकड्यांनी. देशोदेशीचे सहलेखक. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन टॅलेंट यांनी 'नेचर'मध्ये उघड आरोप केला की यांतले कितीतरी नमुने हिमालयातले नाहीतच. काही तर मोरोक्कोहून येऊन दुकानात विकायला असलेल्या जीवाश्मांसारखे हुबेहूब आहेत. पुढे विद्यापीठाच्या चौकशीतही त्यांच्यावर ठपका आला. दगड खरे होते, हे लक्षात घ्या. एकही दगड बनावट असायची गरज पडली नाही. फक्त पत्ता खोटा. त्यावर विसंबून हिमालयाचे थर लावणाऱ्यांचं किती काम वाया गेलं असेल, या विचाराने माझ्यातला हिशेबनीस अजून अस्वस्थ होतो. माझ्याकडे इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या आहेत, प्रत्येकीत कापूस, दात आणि गुंडाळलेली चिठ्ठी. चिठ्ठी पेन्सिलीने, शाई ओल धरली की पसरते. बाटलीवर आकडा, तोच आकडा वहीत. नातेवाईक बाटलीतला दात बघून तोंड भरून कौतुक करतात, वही मात्र कुणी उघडत नाही. मला वही दाखवावीशी वाटते.

८. विकत घ्यायचा मोह येतो, आणि घेतला तरी बिघडत नाही, फक्त काय घेतलं ते माहीत असावं. प्रदर्शनांत मिळणारे शार्कचे दात बहुतेक मोरोक्कोतल्या फॉस्फेटच्या खाणींतले असतात. ते खरे असतात आणि स्वस्तही, कारण तिथे पोत्यांनी निघतात. पण चांगलं पातं एकाचं, मूळ दुसऱ्याचं, आणि दोन्ही वाळूच्या गिलाव्यात बसवलेली, असंही असतं. भिंगातून सांधा दिसतो. मेगालोडॉन या नामशेष महाकाय शार्कचा तळहाताएवढा दात कुणी जेवणाच्या बिलाएवढ्या पैशांत देत असेल तर तो राळेचा. याहून जास्त मला सांगता येणार नाही. मी दुकानात फार वेळ थांबत नाही, नजर लागते.

९. दातांच्या नादात शेणाकडे दुर्लक्ष करू नये. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या लमेटा खडकांतून डायनासोरची हाडं निघतात हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. पण शेतात त्याहून जास्त मिळतात ते करडे-तपकिरी गोळे, दगड झालेली विष्ठा. हाडं सोडून हे कोण गोळा करणार, असं वाटतं ना? २००५ साली वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी या गोळ्यांच्या आतून गवताच्या सूक्ष्म गारगोटी-कणांचा शोध लावला. गवताच्या पेशींत वाळूसारखे कण साचतात, ते कुजत नाहीत. तोवर सगळे धरून चालले होते की डायनासोर संपले आणि मग गवत आलं. पिसदुऱ्याच्या विष्ठेत मात्र गवत होतं, आणि तेही भात-बांबूच्या आप्तांपर्यंत वेगवेगळ्या प्रकारचं. ज्या गोष्टीला चित्रांच्या पुस्तकात कुणी पान देणार नाही तिच्यामुळे जगभरची चित्रं बदलावी लागली. गाईच्या गोठ्यात वाढलेल्या माणसाला हे वाचून जो आनंद झाला तो मी लपवत नाही. नातीला मात्र फोनवर सांगितलं तेव्हा ती फक्त "ईऽऽ" म्हणाली, आणि लगेच, "किती मोठं होतं?"

१०. घरात जीवाश्म होता आणि मी तो रोज पाहत होतो. आईच्या मागे देवघरातला शाळिग्राम आमच्याकडे आला. काळा, गुळगुळीत, एका बाजूने फुटलेला, आत चक्र. गंडकीच्या पात्रातून येणाऱ्या शाळिग्रामांत असं चक्र असतं ते अमोनाइट या सागरी प्राण्याच्या शिंपल्याचं. साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्र, त्याचा तळ हिमालयात उचलला गेला, नदीने तो फोडला आणि यात्रेकरूंच्या झोळीतून तो कर्नाटकातल्या एका देवघरापर्यंत पोचला. हे कळल्यावर माझ्या मनात देवघरातल्या देवावर क्रमांक टाकायचा विचार येऊन गेला, हे खरं. "त्याला चिठ्ठी लावायची नाही," एवढंच बायको म्हणाली, आणि विषय संपला. पुढे २०२३ च्या शेवटी बातमी आली: मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावचे लोक काकड भैरव म्हणून जे गोल दगड पिढ्यान्‌पिढ्या पुजत होते ती डायनासोरची अंडी निघाली. वर्तमानपत्रांनी ही बातमी हसत हसत छापली. मला हसू आलं नाही. शेताच्या बांधावरचा असा गोळा कुणी कुदळीने फोडला असता, पाया भरायला टाकला असता. शेंदूर लागला म्हणून तो शाबूत राहिला. वरळीच्या टेकडीत बेसॉल्टच्या मधल्या थरांतून इवल्याशा बेडकांचे सांगाडे मिळाले होते, रिचर्ड ओवेनने १८४७ साली त्यांचं वर्णन छापलं. त्यांना कुणी शेंदूर लावला नाही. आज तिथे इमारती आहेत.

११. लोक वस्तू आणून देतात, आणि त्यांना काय सांगायचं हे सर्वांत अवघड. आमच्या गल्लीत मी आता 'हल्लु अज्जा' आहे, दातवाले आजोबा. कुणी गोल गुंडा आणतं, डायनासोरचं अंडं म्हणून. तो बहुधा कांद्यासारखा सोलत सोलत झिजलेला खडक असतो. कुणी पानाच्या नक्षीचा दगड आणतं, ती मँगनीजची डहाळी असते, वनस्पती नव्हे. "हे काही नाही" असं म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो, आणि पुढच्या वेळी खरंच काही सापडलं तर तो येणार नाही. म्हणून मी आधी विचारतो, कुठे मिळालं? मग आम्ही दोघं मिळून वहीत जागा लिहितो. बऱ्याचदा माणूस दगड तिथेच विसरून जातो आणि जागेबद्दल तासभर बोलत बसतो: त्या ओढ्याला पूर्वी किती पाणी असे, विहीर खणताना काय लागलं होतं. हे ऐकायला मला दातांइतकंच आवडू लागलंय.

१२. तुमच्यापैकी कुणी घटप्रभा, मलप्रभा, कृष्णा किंवा गोदावरीच्या काठचं असेल, तर एक मागणं आहे. वाळू काढताना, विहिरीत, धुपलेल्या काठावर हाडासारखं जड, दगडी काही दिसलं तर ते ओढून काढू नका. ओढलं की मोडतं आणि थर हरवतो. शेजारी पेन ठेवून फोटो काढा, मोबाइलवर जागा नोंदवा, गावाचं आणि ओढ्याचं नाव लिहा, शेताच्या मालकाला सांगा. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात भूशास्त्राचा विभाग आहे, पुण्यात डेक्कन कॉलेज आहे, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची कार्यालयं आहेत. त्यांपैकी कुणाला तरी कळवा. दख्खनच्या गेंड्याचे आणखी दात कुठेतरी काठात असतीलच, आणि ते बाहेर यायला एक जोराचा पावसाळा पुरतो.